पाण्याला वाट द्या

मागच्या आठवड्यात गोंदियाच्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाने नवे घर बांधले आहे आणि मागच्या मोकळ्या जागेत नातवंडांसाठी पोहण्याचा छोटा हौद बांधायचे ठरवले आहे. "तुमच्याकडे आहे ना हौद? कोणता ठेकेदार, कोणत्या टाइल्स, सांगा ना," असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, "टाइल्सचे नंतर सांगते. आधी सांगा, पावसाळ्यात तुमच्या वाडीतले पाणी कुठे जाते?" त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "जात असेल कुठेतरी."

आम्हीही २०२० साली नेमके हेच उत्तर दिले होते. त्याची किंमत आम्ही मोजली, आणि आमच्याहून जास्त शेजारच्या काकींनी मोजली. हल्ली बालाघाट, गोंदिया, भंडारा या बाजूला बऱ्याच घरांमागे पोहण्याचे नाही तरी साठवणीचे हौद, जमिनीखालच्या टाक्या झाल्या आहेत. म्हणून ती हकीकत आणि त्यातून आम्ही जे शिकलो ते, दोन्ही सविस्तर लिहिते आहे.

हौद कसा झाला

आमचे घर बालाघाट शहराच्या कडेच्या एका वसाहतीत. ह्यांचे बालपण वैनगंगेच्या काठी गेले. पोहणे नदीतच शिकले. पण आता नदीत कुठे रेती काढलेला खड्डा असेल याचा भरवसा नाही, म्हणून नातवंडांना नदीवर पाठवायचा धीर होईना. निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा ह्यांनी ठरवले, घरामागे हौद बांधायचा. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल. काठोकाठ भरला की साधारण साडेबावीस हजार लिटर पाणी.

२०२० च्या फेब्रुवारीत काम पूर्ण झाले. मार्चच्या मध्यात शाळा बंद झाल्या तशी नातवंडे नागपूरहून आली आणि टाळेबंदीत इथेच अडकली. तो सगळा उन्हाळा मुलांनी हौदात काढला. बाहेर जग थांबले होते आणि आमच्या वाडीत आरडाओरडा चालू होता. पैसे सार्थकी लागले असे आम्हाला वाटले.

हौदाबरोबरच वाडीची जमीन मुरूम टाकून उंच केली होती आणि चारी बाजूंनी विटांची पक्की भिंत घातली होती. भिंतीच्या मागच्या बाजूला, आमच्याहून खालच्या अंगाला, काकींचे कवेलूचे घर. स्वयंपाकघराची भिंत मातीची, आमच्या भिंतीपासून जेमतेम सहा फुटांवर. आमच्या भिंतीला तळाशी पाणी जायला मिस्त्रीने दोन भोके ठेवली होती. ती कुणाच्या बाजूला उघडतात, हे आम्ही पाहिले नव्हते.

ऑगस्टची ती रात्र

जूनपासूनच हौदाच्या कडेला पाणी साचू लागले होते. फरशीवर शेवाळ धरले. घराच्या मागच्या भिंतीला आतून ओल आली. पावसाळा म्हणजे असे व्हायचेच, असे म्हणून आम्ही सोडून दिले.

ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या आठवड्यात जो पाऊस झाला, तो या भागातले लोक विसरणार नाहीत. वैनगंगेला महापूर आला. शिवनी जिल्ह्यातल्या भीमगड धरणाचे, म्हणजे संजय सरोवराचे, दरवाजे उघडले आणि खाली गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत गावे पाण्यात गेली. आमच्याकडे महालक्ष्म्यांचे विसर्जन होऊन एकच दिवस झाला होता. गणपती अजून घरात होते.

संध्याकाळी वाडीत घोटाभर पाणी झाले आणि गढूळ लोंढा हौदात शिरू लागला. हौद चिखलाने भरेल, गाळणीचे यंत्र खराब होईल, या भीतीने ह्यांनी मोटार लावली आणि हौद रिकामा करायला घेतला. पाईप कुठे सोडायचा? वाडी तर भरलेली. अंधार होता, पाऊस कोसळत होता. ह्यांनी पाईप मागच्या भिंतीवरून पलीकडे टाकला. बॅटरी माझ्याच हातात होती. पलीकडे काकींचे घर आहे, हे आम्हा दोघांना ठाऊक होते. पण त्या वेळी डोक्यात फक्त हौद होता.

रात्री केव्हातरी हौदाकडून मोठा आवाज झाला. उजाडल्यावर पाहिले तर रिकाम्या हौदाचा तळ मधोमध पापडासारखा फुगला होता आणि आडवी भेग पडली होती. ते पाहतो आहोत तोच भिंतीपलीकडून काकींचा आवाज आला. त्यांच्या स्वयंपाकघराची मातीची भिंत पहाटे बसली होती. काकी पुढच्या खोलीत झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. चूल, पितळेची भांडी, तांदळाची कोठी, सगळे मातीखाली.

काकी आम्हाला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, पाऊस देवाचा गं. पण पाईप तर तुमचाच होता ना?"

जमीन बांधीची, हे विसरलो

पाऊस ओसरल्यावर आम्ही काकींची भिंत आधी उभी केली, विटांची. ते करणे भागच होते, त्यात सांगण्यासारखे काही नाही. पण काकींनी त्या दिवसांत जे सांगितले ते मात्र सांगण्यासारखे आहे.

आमची वसाहत ज्या जमिनीवर उभी आहे ती काकींच्या सासऱ्यांची धानाची बांधी होती. आपल्या भागातल्या माणसाला बांधी म्हणजे काय हे सांगायला नको. चारी बाजूंनी पाळ, मधे पाणी. रोवण्याआधी चिखलणी करायची ती कशासाठी? पाणी खाली मुरू नये म्हणून. वर्षानुवर्षे चिखलणी केली की वीतभर खाली मातीचा घट्ट थर तयार होतो आणि पाणी त्याच्यावरच थांबते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीला पाणी धरून ठेवायला शिकवले, त्याच जमिनीवर आपण घरे बांधतो आणि मग पाणी का मुरत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. वर चार गाड्या मुरूम टाकला म्हणून खालची बांधी बदलत नाही.

काकी म्हणाल्या, "त्या चिंचेच्या कोपऱ्यात आमचा सांडवा होता. जास्तीचं पाणी तिथून निघून रस्त्याकडच्या नाल्यात जायचं. तुम्ही तिथंच भिंत घातली." आम्ही लेव्हल पाईप लावून मोजले तर खरेच, चिंचेचा कोपरा हौदाच्या काठापेक्षा नऊ इंच खाली होता. पाण्याची जुनी वाट आम्ही बुजवली होती, म्हणून ते दुसरीकडून, काकींच्या दारातून जाऊ लागले.

आपल्या भागात तलाव बांधणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. नवेगावबांधसारखे तलाव कोहळी समाजातल्या माणसांनी बांधले. पाळीइतकेच त्यांनी सांडव्याला महत्त्व दिले, कारण सांडवा चुकला तर पहिल्याच मोठ्या पावसात पाळ जाते. आम्ही बाविशे नव्हे, साडेबावीस हजार लिटरचा तलाव बांधला आणि सांडव्याचा विचारही केला नाही.

रिकामा हौद का फुटला

हौद भरलेला असताना काही झाले नाही आणि रिकामा केल्यावर फुटला, हे आम्हाला कोडेच होते. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडे घरामागे पोहण्याचे तलाव पुष्कळ, त्याच्याकडेही आहे. फोनवर त्याला सांगितले तर तो पहिल्यांदा हेच म्हणाला, "मावशी, पावसात हौद रिकामा का केलात? तो आपल्या वजनाने खाली बसलेला असतो."

त्याने जे समजावले ते असे. हौद खणताना खड्डा हौदापेक्षा मोठा खणतात आणि उरलेली फट नंतर सैल मातीने भरतात. भोवतालची जमीन घट्ट, फटीतली माती सैल. म्हणून पावसाचे पाणी त्या फटीत उतरते आणि हौद जणू दुसऱ्या एका अदृश्य हौदात उभा राहतो. बाहेरचे पाणी तळाला खालून वर ढकलते. आत पाणी असेल तर दोन्ही जोर एकमेकांना तोलतात. आतले काढून घेतले की खालचा जोर एकटाच उरतो. बाहेरचे पाणी काठापर्यंत आले असेल, तर जेवढे पाणी हौदात मावते जवळजवळ तेवढ्याच वजनाचा जोर खालून लागतो. आमच्या बाबतीत साडेबावीस टनांच्या आसपास. चार इंची तळाचा काय टिकाव लागणार? कधी तळ फुटतो, तर कधी अख्खा हौद होडीसारखा वर उचलला जातो.

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीलाही हेच लागू आहे. म्हणून भर पावसाळ्यात टाकी धुवायला काढू नये. गढूळ पाणी शिरले तरी शिरू द्यावे. गाळ काढता येतो, फुटलेला तळ सांधायला फार त्रास पडतो.

दुरुस्ती कशी केली

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पाणी कुठले, हे ओळखायला हवे. वाडीत तीन प्रकारचे पाणी असते: छपराचे, जमिनीवरून वाहणारे आणि जमिनीच्या आतले. चौथे म्हणजे हौदाची गळती. गळती तपासायची सोपी रीत आहे. पाऊस नसलेल्या दिवशी हौदाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीतल्या आणि हौदातल्या पाण्याच्या पातळीला खूण करायची आणि एक दिवस थांबायचे. दोन्हीकडे सारखे उतरले तर ते उन्हाने उडालेले पाणी. हौदातले जास्त उतरले तर हौद गळतो आहे.

छपराच्या पाण्याचा हिशेब आम्ही कधी केलाच नव्हता. बालाघाट जिल्ह्यात वर्षाला साधारण १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. हजार चौरस फुटांच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे ९३०० लिटर पाणी होते. आमच्या छपराचे सगळे पन्हाळ वाडीत, थेट हौदाच्या बाजूला सुटत होते. ते आधी बंद पाईपात घेऊन घराच्या पुढच्या बाजूने रस्त्याच्या नालीत सोडले. एवढ्यानेच वाडीतले निम्मे पाणी कमी झाले. खर्च सगळ्यात कमी याचाच.

दुसरे काम उताराचे. हौदाभोवतीची फरशी उखडून पुन्हा बसवली. उतार हौदाकडे नाही, घराकडेही नाही, दोन्हींपासून दूर. दहा फुटांना अडीच इंच. चालताना कळत नाही, पण पाण्याला बरोबर कळतो. हौदाचा काठही भोवतालच्या जमिनीपेक्षा चार इंच वर घेतला, म्हणजे गढूळ पाणी आत शिरत नाही.

तिसरे काम मुख्य. हौदाच्या दोन बाजूंनी दीड फूट रुंद, दोन फूट खोल चर खणला. तिथून चिंचेच्या कोपऱ्यातून रस्त्याकडच्या नालीपर्यंत साठ फूट. चरात आधी पाणी झिरपू देणारे पण माती अडवणारे जाड कापड अंथरले. याला जिओटेक्सटाईल म्हणतात. त्यावर धुतलेली गिट्टी, गिट्टीत चार इंची भोके पाडलेला पाईप, पुन्हा गिट्टी आणि वरून कापड मिटून घेतले. पाईपला उतार दहा फुटांना सव्वा इंच. भोके खालच्या बाजूला ठेवायची, कारण चरात पाणी तळापासून वर चढते. भोके वर असली तर पाणी पाईपाच्या माथ्यापर्यंत चढल्याखेरीज आत शिरत नाही. मिस्त्रीला हे पटायला अर्धा दिवस लागला.

नालीचा तळ आमच्या हौदाच्या काठापेक्षा पावणेतीन फूट खाली होता, म्हणून हे जमले. तुमच्याकडे इतका फरक नसेल तर चर खणून उपयोग नाही. पाणी खड्ड्यात गोळा करून मोटारीनेच काढावे लागेल. खणण्याआधी मोजा. पाईपाच्या तोंडाला एकाच बाजूने उघडणारी झडप बसवली आहे, नाहीतर नाली तुंबली की तिचेच पाणी उलटे वाडीत येते.

या चराला परदेशात फ्रेंच ड्रेन म्हणतात. मला वाटले फ्रान्सची पद्धत असेल. पण हे नाव माणसाचे आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कर्ड गावचे वकील हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी १८५९ साली शेतातला निचरा या विषयावर पुस्तक लिहिले आणि ही पद्धत लोकांपर्यंत पोचवली. वॉशिंग्टनमधला लिंकनचा प्रसिद्ध बसलेला पुतळा घडवणारे डॅनियल चेस्टर फ्रेंच हे त्यांचे चिरंजीव. म्हणजे हेही मूळचे शेतातलेच शहाणपण. आपल्या बांधीतले आणि त्यांच्या शेतातले काम मात्र उलटे, आपण पाणी धरतो, ते सोडतात. घराच्या वाडीला दुसरे लागते.

चौथे काम हौदाचे. नवा तळ सळ्या घालून जाड केला. दोन फूट खोल चराने चार फूट खोल हौदाच्या तळाखालचे पाणी सगळे निघत नाही, म्हणून हौदाच्या बाहेर, तळाच्याही खाली जाईल असा भोकांचा उभा पाईप गिट्टीत बसवला. त्यात काठी घालून पाहिले की जमिनीतले पाणी किती वर आहे ते कळते. आता हौद उपसायचा तर आधी त्या पाईपातले पाणी मोटारीने खाली उतरवतो, मगच आतले काढतो.

शोषखड्ड्याचाही विचार केला होता. त्याआधी एक परीक्षा घ्यावी. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरावा, ते जिरू द्यावे, पुन्हा भरावा आणि घड्याळ लावून बसावे. तासाला इंचभरही पाणी उतरत नसेल तर तिथे शोषखड्डा म्हणजे डासांचा हौद. आमचे पाणी तासात अर्धा इंचही उतरले नाही. बांधीच ती.

शेजाऱ्याचा हक्क

आमचे एक नातेवाईक वकील आहेत. ते म्हणाले, आपल्याकडे १८८२ चा ईझमेंट कायदा, म्हणजे वहिवाटीच्या हक्कांचा कायदा, सुरुवातीपासून लागू आहे. मद्रास आणि कुर्ग यांच्याबरोबर मध्य प्रांतातही तो पहिल्यापासून होता, आणि बालाघाट मध्य प्रांतातच होते. त्यात असे आहे की वरच्या जमिनीवर पडलेले पाणी आपोआप, जसे वाहते तसे खालच्या जमिनीवर जाणार, खालच्याने ते येऊ द्यावे. हे ऐकून ह्यांच्या चेहऱ्यावर थोडा दिलासा आला. पण वकील पुढे म्हणाले, "आपोआप वाहणारं, भाऊजी. भरणी करून वळवलेलं, भोकातून सोडलेलं, मोटारीनं फेकलेलं पाणी त्यात येत नाही." भिंतीची ती दोन भोके आम्ही त्याच दिवशी बुजवली.

दरवर्षी काय करावे

मृग लागण्यापूर्वी पन्हाळातला पाचोळा काढावा. चराच्या सुरुवातीला पाईप सोडून दुसऱ्या टोकाला तो येतो का ते पाहावे. नालीचे तोंड मोकळे करावे. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन वाडीत दहा मिनिटे उभे राहावे. पाणी कुठे वळते हे तेव्हाच दिसते, कागदावरच्या नकाशात दिसत नाही.

पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत वाडी कोरडी झाली पाहिजे. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि आपल्या जंगलपट्टीत हिवताप नवा नाही. हौद वापरात नसेल तर औषध न टाकता त्यात गप्पी मासे सोडावेत. क्लोरीन टाकलेले पाणी झाडांना घालण्याआधी दोन-तीन दिवस उन्हात उघडे राहू द्यावे, आणि विहिरीत तर कधीच सोडू नये. हौदाला कुंपण आणि कडी असावी, लहान मूल एकटे जाता कामा नये, हे वेगळे सांगायला नको.

या सगळ्या दुरुस्तीला हौदाच्या मूळ खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पैसे लागले. आधीच केले असते तर त्याच्या निम्म्यात झाले असते.

आता पाऊस लागला की काकी चिंचेखालच्या नालीकडे एक फेरी मारतात. पाणी वाहते आहे की नाही ते पाहतात आणि भिंतीपलीकडून ओरडून सांगतात, "चाललंय गं पाणी!" मग मी निर्धास्त होते. पोहायला नातवंडे उन्हाळ्यात येतात, तेव्हा काकींसाठी हौदाच्या काठी खुर्ची टाकलेली असते.

गोंदियाच्या बाईंना मी शेवटी टाइल्सचा रंग सांगितलाच. पण त्याआधी एवढे वचन घेतले, की ठेकेदाराला बोलावण्याच्या आधी मागच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला चहाला बोलवा आणि विचारा, इथले पाणी पूर्वी कुठून जायचे?